भिंतीचे ज्ञान आणि रंगवणाऱ्याचे मौन

भिंतीवर चढवलेल्या रंगाच्या एका थराला मराठीत 'हात' म्हणतात. 'एक हात झाला, दुसरा उद्या', 'इथे तीन हात लागतील' असे रंगकाम करणारा सहज बोलून जातो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही विशेष जाणवत नाही. वस्तुतः हा प्रयोग विलक्षण आहे. रंगकामाचे बिल चौरस फुटांनी होते. पण कामाची मोजदाद होते ती काम करणाऱ्याच्या अवयवाने. आणि तरीही तो अवयव भिंतीवर दिसता कामा नये, ही या कामाची पहिली अट असते. ब्रशचा फराटा राहिला, रोलरची कड उमटली, काल थांबलेल्या आणि आज सुरू केलेल्या कामाचा जोड दिसला, की काम बिघडले. दोन किंवा तीन 'हात' दिल्यानंतर एकही हात न दिसणे म्हणजे उत्तम रंगकाम. आपल्या खुणा पुसत जाण्यातच ज्याचे कौशल्य सिद्ध होते असे हे श्रम आहेत. साहित्य आणि कलेच्या चर्चेत ज्याला आपण 'आविष्कार' म्हणतो, त्याच्या नेमके उलट टोक येथे आढळते.

या कामाला मराठीत धड नावही नाही. 'चितारी' हा चित्रे काढणारा. कोकणात देवळांच्या भिंतींपासून लाकडी खेळण्यांपर्यंत त्याचा संचार. 'रंगारी' हा मूळचा कापड रंगवणारा. बलुतेदारांच्या याद्या प्रदेशाप्रदेशांत थोड्या बदलतात. पण सुतार, लोहार, कुंभार, परीट यांच्या पंगतीत घराची भिंत रंगवणारा सहसा भेटत नाही. याचे कारण उघड आहे. भिंत सारवणे, तिला पांढऱ्या मातीचे किंवा चुन्याचे पोतेरे देणे हे घरातल्या स्त्रीचे काम होते आणि म्हणून ते काम या सदरात मोजलेच जात नव्हते. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक 'लिहिण्याचा' मान सवाशिणींचा असतो. पण तो विधी आहे, धंदा नव्हे. सिमेंटच्या इमारती आल्या, डबाबंद रंग आले, आणि शहरात एक नवाच कामगार उभा राहिला. त्याच्यासाठी भाषेने शब्द घडवला नाही, उसना घेतला: 'पेंटर'.

हा शब्द मराठीत दोन टोकांना राहतो. कोल्हापूरच्या मिस्त्री घराण्यातील बाबूरावांना (१८९०–१९५४) लोकांनी 'पेंटर' म्हटले आणि ते बिरुद आडनावासारखे त्यांना चिकटले. नाटकांचे पडदे रंगवणारा, 'सैरंध्री' आणि 'सावकारी पाश' निर्माण करणारा हा कलावंत महाराष्ट्राला याच नावाने ठाऊक आहे. तेथे हा शब्द नावात भर घालतो. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला 'ए पेंटर' अशी हाक येते तेव्हा तोच शब्द नाव काढून घेतो. एकच शब्द एकाचे नाव मोठे करतो आणि दुसऱ्याचे नाव अनावश्यक ठरवतो, याचा विचार आपल्या भाषाभ्यासकांनी केल्याचे सहसा दिसत नाही.

हा सारा प्रश्न एखाद्या विशिष्ट जागी उभा राहून पाहिला तर अधिक स्वच्छ दिसेल. न्हावा शेवा ही तशी जागा आहे. मुंबई बंदराच्या पूर्वेस, घारापुरीच्या समोर, न्हावा आणि शेवा या दोन गावांची नावे आज जगभरच्या मालवाहू कंटेनरांच्या कागदपत्रांवर छापलेली असतात. जवाहरलाल नेहरू बंदर येथे २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर जासई आणि नवघर येथे गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. बंदरापाठोपाठ कामगारांची वसाहत आली, गोदामे आली, द्रोणागिरी आणि उलवे येथे सिडकोने आखलेल्या नगरांत इमारती उठू लागल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून येणारा सागरी सेतू खुला झाला. ज्या जमिनीवर एके काळी भातशेती आणि मिठागरे होती, तेथे आता भिंती आहेत. आणि जेथे भिंत आहे तेथे रंगवणाऱ्याचे काम कधीच संपत नाही.

न संपण्याचे कारण हवेत आहे. खाडीकाठची ही हवा खारी आहे; जून ते सप्टेंबर ती पाण्याने जड होते. गिलाव्यातून ओल बाहेर येताना आतले क्षार घेऊन येते आणि भिंतीला लोणा लागतो. रंगाचे पोपडे सुटतात. वाळू खाडीची असेल आणि नीट धुतलेली नसेल, तर तिच्यातील मीठ काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंज लोखंडाहून अधिक जागा मागतो, ती जागा मिळवण्यासाठी तो काँक्रीट आतून फोडू लागतो. बाहेरून प्रथम दिसते ती केसासारखी एक चीर आणि तिच्याशेजारी तपकिरी डाग.

हे सगळे सर्वांत आधी कोणाला कळते? आराखडा करणाऱ्याला नव्हे. तो पुढच्या इमारतीकडे गेलेला असतो. विकणाऱ्याला नव्हे; त्याला कळून घ्यायचे नसते. राहणाऱ्यालाही नव्हे, त्याला चावी मिळते तेव्हा भिंत कोरी करकरीत असते. ते कळते भिंतीला अगदी शेवटी हात लावणाऱ्याला. रंग देण्यापूर्वी भिंत खरवडावी लागते, पॉलिश पेपरने घासावी लागते, प्रायमर मारून लांबी भरावी लागते, ती वाळल्यावर पुन्हा घासावी लागते. या घासण्यात माणूस भिंतीच्या इतक्या जवळ असतो की कोणता भाग पोकळ वाजतो, कोठे पट्टीखाली गिलावा भुसभुशीत लागतो, कोणती चीर वरवरची आणि कोणती खोल, हे त्याच्या तळहाताला समजते. ही विद्या त्याने कोठे शिकलेली नसते आणि तिचे प्रमाणपत्रही नसते. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात रंग ही डोळ्याची शुद्ध संवेदना आहे, आणि चित्रातील रंगांच्या लयीला लौकिक अर्थाची गरज नाही. हे मत चित्रापुरते कितीही मौलिक असो, भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा रंग डोळ्यापाशी थांबत नाही. तो वीस लिटरच्या बादलीचे वजन असतो, घशातली धूळ असतो, टर्पेंटाइनचा वास असतो. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षास ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या पिढ्यांनी जुने रंग घासताना काय श्वासात घेतले याचा हिशेब कोणत्याही भिंतीवर लिहिलेला नाही.

आता प्रश्न असा : चीर खोल आहे, आत ओल आहे, रंग दिल्याने ती जाणार नाही, फक्त दिसेनाशी होईल, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मुकादम सांगतो की लांबी भर आणि दोन हात मार. तो भरतो. ग्राहक येतो, भिंत पाहतो, पैसे देतो. या व्यवहारात असत्य आहे यात शंका नाही. परंतु ते असत्य बोलले कोण?

एक उत्तर तत्काळ सुचते : रंगवणारा हे साधन आहे आणि साधनाला दोष नसतो. हे उत्तर दयाळू वाटते. पण ही दया फार महाग आहे. ब्रशला दोष नाही म्हणून ब्रश धरणाऱ्यालाही नाही असे म्हणताना आपण त्या माणसाला ब्रशच्या शेजारी नेऊन ठेवतो. त्याचे भिंतीविषयीचे ज्ञान, जे त्या साऱ्या साखळीतले सर्वांत नेमके ज्ञान आहे, ते आपण क्षणात रद्द करतो. दुसरे उत्तर याच्या विरुद्ध आहे : जो जाणतो तो उत्तरदायी, त्याने नकार द्यायला हवा होता. नीतिशास्त्राच्या वर्गात हे उत्तर तेजस्वी दिसते. नाक्यावर मात्र त्याचा अर्थ एवढाच होतो की आजची मजुरी गेली, उद्या मुकादम दुसऱ्याला उचलणार, आणि भिंत होती तशीच रंगणार. शिवाय या उत्तरात एक अन्याय दडलेला आहे. या साखळीत वरून खाली यावे तसतसे ज्ञान वाढत जाते आणि अधिकार घटत जातो. ज्याच्याकडे सर्वाधिक अधिकार आहे त्याने सोयीस्कर अज्ञान कमावलेले असते. ज्याच्याकडे सर्वाधिक ज्ञान आहे त्याच्या बोलण्याला किंमत नसते. अज्ञान हीच जेथे वरच्यांची ढाल आहे, तेथे 'जाणतो तो दोषी' हा नियम लावणे म्हणजे सगळा दोष गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळू देणे होय. प्रत्यक्षात घडतेही तेच. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटले की पहिली शिवी पेंटरला बसते.

तरीही 'झाकणे' आणि 'राखणे' या दोन क्रियांमध्ये फरक करता येत नाही, असे मानून प्रश्न सोडून देता येणार नाही. त्यांतील सीमारेषा अवघड आहे, एवढेच. दोन्ही क्रिया एकाच हाताने, एकाच डब्यातून होतात. बाहेरच्या भिंतीवरील रंग पावसाला अडवतो तेव्हा तो राखतो. तोच रंग ओल कोंडून ठेवतो तेव्हा झाकतो. हेतू शुद्ध असला तरी फसगत होऊ शकते, याचे उदाहरण अजिंठ्यास आहे. तेथील चित्रे माती, भुसा आणि तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ लेप देऊन काढलेली आहेत, आणि जेथे गिलावा सुटला तेथे चित्रही गेले. १९२० च्या दशकाच्या आरंभी निजामाच्या राजवटीने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी ती वाचवण्यासाठी त्यांवर लाखेचे रोगण चढवले. कालांतराने ते रोगण पिवळे-काळे पडले आणि राखायचे तेच झाकले गेले. मात्र तेथे त्या तज्ज्ञांची नावे नोंदलेली आहेत, चूक मांडता आली, आणि तिची चर्चा शंभर वर्षे चालू शकली. चूक करण्याचा मान हाही नाव असणाऱ्यालाच मिळतो.

बंदरातील पोलादाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. समुद्रकाठच्या पोलादी बांधकामावर रंग देण्यापूर्वी पृष्ठभाग वाळूच्या किंवा तत्सम कणांच्या माऱ्याने उघडा केला जातो, लेपांचा क्रम ठरलेला असतो, वाळलेल्या थराची जाडी यंत्र टेकवून मायक्रॉनमध्ये मोजली जाते आणि कागदावर सही होते. पोलाद महाग आहे आणि थांबलेली यारी त्याहून महाग, म्हणून तेथे थराचे म्हणणे ऐकायला उपकरण ठेवलेले असते. काही अंतरावरच्या राहत्या इमारतीच्या भिंतीला असे उपकरण सहसा टेकवले जात नाही. म्हणजे रंगाखालचे सत्य जाणण्याचा मार्ग उपलब्ध नाही असे नाही. ते कोणासाठी जाणून घ्यायचे हा प्रश्न आधीच सुटलेला असतो.

जागतिक साहित्यात या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडलेला लेखक स्वतः घरे रंगवणारा होता, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. रॉबर्ट नूनन हा इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे रंगकाम आणि पाट्या रंगवण्याचे काम करी. 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलॅन्थ्रॉपिस्ट्स' ही त्याची कादंबरी १९१४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, काटछाट होऊन निघाली. मूळ स्वरूपात यायला १९५५ उजाडले. लेखक म्हणून त्याने 'ट्रेसेल' हे टोपणनाव घेतले, ते रंगवणारे ज्या लाकडी घोडीवर उभे राहतात तिच्या इंग्रजी नावावरून, असे मानले जाते. आपल्या अवजाराचे नाव आपल्याला घेणारा हा लेखक लिव्हरपूलला निराधारांच्या सामायिक थडग्यात पुरला गेला. त्याच्या कादंबरीत मालकाचा दट्ट्या एकच असतो : घाई करा, थर कमी द्या, भेगा कशाबशा बुजवा. फ्रँक ओवेन हा नायक समाजवादी आहे, या साऱ्यातली लबाडी त्याला पाठ आहे. आणि तरीही एका श्रीमंताच्या दिवाणखान्याची नक्षी करायला मिळते तेव्हा तो हरखतो, घरी रात्र जागून फुकट आराखडे काढतो. टीकाकार कादंबरीतील राजकीय व्याख्यानांविषयी पुष्कळ बोलतात. तिचे नैतिक मर्म मात्र या रात्रीत आहे. चांगले काम करण्याची ओढ हा ओवेनचा सद्गुण आहे, आणि त्याला लुबाडण्याची किल्लीही तीच आहे. वाईट काम करायला लावणे हा एक अपमान; उत्तम काम करू देऊन त्यातला आनंद हीच मजुरी समजणे हा दुसरा. पहिला ओळखू येतो. दुसऱ्याला आपण, विशेषतः साहित्याच्या क्षेत्रात, बऱ्याचदा 'निष्ठा' म्हणतो.

त्याच कादंबरीत शिडी उभी करताना झिजलेला दोर तुटतो आणि फिलपॉट हा वृद्ध कामगार मरतो. दोराची अवस्था आधीच लक्षात आलेली असते. जाणणे आणि बोलता न येणे यांच्या मधल्या जागेत माणूस मरतो, हे ट्रेसेलने कोणतेही भाष्य न करता लिहिले आहे.

मराठी परंपरेत या जागेची आठवण आहे, पण आपण ती वेगळ्या कारणासाठी जपली. चोखामेळा मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम करीत असताना ते कोसळून इतर मजुरांबरोबर दगावला. हे १३३८ मध्ये घडले असे मानले जाते. नामदेवांनी तेथे जाऊन ढिगाऱ्यातून त्याच्या अस्थी शोधल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्याच्या, आणि पंढरपुरी महाद्वारापाशी त्याची समाधी झाली. ही कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते आणि तशी ती आहेच. पण ती बांधकाम मजुरांच्या अपघाताचीही कथा आहे, हे आपल्या संतसाहित्याच्या विवेचनात अभावानेच आढळते. ज्या अस्थींतून नाम ऐकू आले नाही त्या कोणाच्या होत्या? त्या गावकुसाला तडा गेलेला आधी कोणी पाहिला होता काय? पाहणाऱ्याला सांगण्याची सोय होती काय? गावकुसाबाहेर ज्याला राहावे लागले त्यालाच ते कूस बांधायला लावले जात होते, एवढे लक्षात घेतले तर शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नाही.

आधुनिक मराठी साहित्याने श्रमिकाला जागा दिली ती मुख्यतः गिरणीच्या आणि शेताच्या रूपाने. गिरणीला दरवाजा होता, भोंगा होता, संघटना होती. १८ जानेवारी १९८२ ही संपाची तारीख होती. सुर्व्यांच्या कवितेतला कामगार गर्दीतून बोलू शकला, कारण ती गर्दी एकत्र उभी होती. रंगवणाऱ्याला नाका आहे, आणि नाक्यावर शेजारी उभा असलेला माणूस हा त्या सकाळपुरता प्रतिस्पर्धी असतो. रंगाच्या जाहिरातींनी त्याला जो चेहरा दिला तो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये रेखाटलेल्या गट्टू या खट्याळ पोराचा. हातात ब्रश आणि डबा घेतलेले ते पोर लोकांना फार आवडले, २००२ पर्यंत टिकलेही. पण काम करणारा प्रौढ माणूस त्यात कोठे नव्हता. कायद्याने त्याला ओळखले ते १९९६ मध्ये. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या त्या वर्षीच्या कायद्यात दुरुस्ती आणि देखभाल ही कामेही अंतर्भूत होती, म्हणजे रंगवणाराही आला. लाभार्थी होण्यासाठी मात्र आधीच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस असे काम केलेले असणे आवश्यक होते. रोज ज्याचा मालक बदलतो त्याने आपण होतो याचा पुरावा कोणाकडून आणायचा? ज्याचे कसब खूण न ठेवण्यात आहे त्याच्याकडेच खूण मागितली जात होती.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, फूकोने 'लेखक म्हणजे काय' असे विचारले, आणि पुढे आपल्या समीक्षेनेही ती चर्चा हौसेने केली. निनावीपण हे मुक्तीसारखे वाटण्यासाठी आधी नाव असावे लागते. हॅना आरेन्टने १९५८ मध्ये 'श्रम' आणि 'कृती' यांत भेद केला : श्रमाचे फळ उपभोगात विरते, कृतीतून टिकाऊ वस्तू निर्माण होते. जगाला झिजण्यापासून वाचवण्याची रोजची झुंजही तिने श्रमातच घातली. आपल्या समीक्षेतील 'निर्मिती'ची प्रतिष्ठा याच भेदावर उभी आहे. पण न्हावा शेव्याच्या हवेत टिकाऊ म्हणवणारी कृती काही पावसाळ्यांतच त्या अटिकाऊ हाताच्या भरवशावर येते, हे पाहिले की तो भेद डळमळतो.

आणि ज्यांच्यासाठी ते हात पोचलेच नाहीत अशीही भिंत तेथून जवळच आहे. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला गेला. तेथील घरांना वाळवीने पोखरले, आणि योग्य पुनर्वसनासाठी गावकऱ्यांचा झगडा दशकानुदशके चालला. वाळवी लागलेल्या भिंतीला रंग देणे हे झाकणेही होत नाही, राखणेही होत नाही. तेथे प्रश्न रंगवणाऱ्याच्या आधीच संपलेला असतो.

रंगवणारा अगदीच गप्प असतो असे मात्र नाही. मुकादम दूर गेला, घरमालकीण चहा घेऊन आली, की लांबीची पट्टी बाजूला ठेवून तो एक वाक्य बोलतो : 'बाई, इथे रंग टिकणार नाही.' रंगकाम काढलेल्या बहुतेक घरांनी ते कधी ना कधी ऐकलेले असते. भिंत खराब आहे असे तो म्हणत नाही. भिंतीविषयी बोलण्याचा अधिकार दुसऱ्यांचा आहे. त्याला बोलता येते ते फक्त रंगाविषयी, म्हणून तो रंगाविषयी बोलतो आणि भिंतीविषयी सुचवतो. आपल्या काव्यशास्त्राने अभिधा आणि व्यंजना यांचे जे विवेचन केले, त्याला याहून निकडीचे उदाहरण क्वचित मिळेल. फक्त येथे व्यंजना हा अलंकार नसून त्याला उपलब्ध असलेली साक्ष देण्याची एकमेव रीत आहे. ऐकणाऱ्यापर्यंत बहुधा पोचते ती अभिधाच. 'मग चांगल्या कंपनीचा आणा ना,' असे उत्तर येते. तो मान डोलावतो, चहा संपवतो, आणि नव्या डब्याचे झाकण पट्टीच्या टोकाने उचकटू लागतो.